तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली गाडी जुनी घ्यायची आहे, कुठली घेऊ?

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या बाईला लोक ड्रायव्हिंगबद्दल फारसं विचारत नाहीत. लायसन्स हातात पडलं की विचारतात, "मॅडम, तीन लाखांपर्यंत जुनी गाडी बघतोय. कुठली घेऊ?" कोल्हापुरात हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, भाजी घेताना विचारलाय, आणि दाताच्या दवाखान्यात मी तोंड उघडून बसले असतानाही विचारलाय. अशा ठिकाणी उत्तर अर्धवटच राहतं. म्हणून आता सविस्तर सांगते.

मॉडेलचं आधी उरकते. ऑल्टो, वॅगन आर, सेलेरिओ, आय टेन, टियागो. यांतली जी बरी सापडेल ती घ्या. यांचे पार्ट इथल्या उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्या-गॅरेजांच्या भागात, कुठेही मिळतात आणि कुठलाही मिस्त्री बॉनेट उघडून डोकं खाजवत नाही. नवशिक्याला मी वॅगन आर आधी सुचवते, कारण बसायला उंच आहे, काचा मोठ्या आहेत आणि गाडी कुठे संपते याचा अंदाज लवकर येतो. स्विफ्ट सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे ती भाव खाते. शिवाय तिची मागची काच लहान आणि खांब जाड, रिव्हर्स शिकताना मान मोडते. शेवरोलेने २०१७ मध्ये आणि फोर्डने २०२१ मध्ये इथला बाजार सोडला. त्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात आणि वाईट अजिबात नव्हत्या, पण पार्टसाठी हिंडायची हौस पहिल्या गाडीवर नको. ऑल्टोच्या पैशांत दहा वर्षांची मोठी डिझेल सेडान मिळते हे खरं आहे. तिची किंमत उतरलेली असते, टर्बोची आणि इंजेक्टरची उतरलेली नसते.

मॉडेलपेक्षा साल महत्त्वाचं. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधी या गोष्टी बऱ्याचदा फक्त वरच्या व्हेरियंटमध्ये असायच्या. नवा माणूस घाबरला की ब्रेकवर उभा राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी एबीएस चाकं लॉक होऊ देत नाही. तेव्हा २०१७ चं टॉप मॉडेल आणि २०१९ च्या दिवाळीतलं साधं मॉडेल एकाच भावात मिळत असेल तर मी साधं घेईन. अलॉय व्हील आणि टच स्क्रीन नंतरही लावता येतात.

आता मुद्द्याचं. सगळे सांगतात, टेस्ट ड्राइव्ह घेतल्याशिवाय गाडी घेऊ नका. पण ज्याचं सगळं लक्ष गाडी बंद पडू नये यावर आहे, त्याला स्टिअरिंग ओढतंय की शॉकअप वाजतोय हे काय कळणार? वाजलं तरी वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, गाडी चालवायला जाणता माणूस न्या, तुम्ही मागच्या सीटवर बसा आणि टेप बंद ठेवून नुसतं ऐका. त्याआधी इंजिन बंद असताना जे तपासता येतं ते स्वतः तपासा. त्याला चालवता यावं लागत नाही, वेळ लागतो.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगायचं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उचलतं आणि सायलेन्सरमधून काय निघतं, हे तुमच्यासमोर व्हायला हवं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी थोडी पांढरी वाफ चालते, पण पांढरा धूर थांबतच नसेल तर सोडून द्या. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ कॉफीसारखा चिकटा असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे, मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका.

टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. '३२२१' म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. गाडी २०२१ ची, मीटरवर अठरा हजार, आणि चारही टायर २०२४ चे? मग एवढ्या कमी धावण्यात टायर का बदलले ते विचारा. कारण खरं असू शकतं, पण उत्तर देताना माणूस कुठे बघतो तेही बघा. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल तर मीटर काहीही म्हणो, गाडी बरीच पळालेली आहे. गाडी ऑथराइज्ड सर्व्हिसला जात असेल तर तिथे प्रत्येक वेळचं किलोमीटर नोंदलेलं असतं. मालकाला सोबत घेऊन तो इतिहास मागा.

कोल्हापूर-सांगलीकडे एक गोष्ट जास्तीची. २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी शहरांत शिरलं, गाड्या बुडाल्या, आणि अशा सगळ्या गाड्या काही भंगारात जात नाहीत. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात येतो तो भाग धुतलेला असतो, आत गुंडाळून राहणारा टोकाचा हात-दीड हात कुणी धूत नाही. तिथे मातकट रेषा दिसली तर काय ते समजून घ्या. सीट पुढे सरकवून खालच्या रुळावर मोबाइलचा टॉर्च मारा, गंज आणि वाळलेला गाळ तिथे बसतो. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खालचा पत्रा बघा, मागून ठोकलेली गाडीही तिथेच कळते. गाडीत सेंटचा घमघमाट असेल तर नाक आणखी खाली न्यायचं. पूर येणाऱ्या चिपळूणकडून आलेल्या गाडीलाही हेच सगळं लागू.

विकणारा म्हणेल, "पिलर-एप्रन ओरिजनल, सिंगल हँड, डॉक्टरची गाडी, घर ते दवाखाना. एक रुपयाचं काम नाही." पिलर म्हणजे दारांचे खांब, एप्रन म्हणजे बॉनेटखालचा चाकांवरचा पत्रा; ते ओरिजनल म्हणजे गाडी ठोकलेली नाही, आणि सिंगल हँड म्हणजे एकच मालक, असं त्याला म्हणायचं असतं. कोल्हापुरात इतके डॉक्टर आहेत हे मला जुन्या गाड्यांच्या बाजारातच कळलं. तुम्ही बॉनेटचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. पाना लागलेल्या बोल्टवरचा रंग उडालेला असतो. दाराचं रबर थोडं ओढून खालचे वेल्डिंगचे गोल ठिपके बघा. ते सारख्या अंतरावर नसतील किंवा पुट्टीखाली गेले असतील तर तो पत्रा कंपनीतून तसा आलेला नाही.

मग जाणत्या माणसाला चढावर न्यायला सांगा. आमच्याकडे वाघबिळाच्या पुढचा पन्हाळ्याचा चढ सोयीचा पडतो. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपत आली. एवढ्यावरून गाडी नाकारू नका, पैसे कमी करून घ्या. आणि प्लेट अजून तग धरत असेल तर लगेच नवी बसवूही नका. पहिले काही महिने तुम्ही हाफ क्लचवरच गाडी चालवणार आहात, जुनी प्लेट जळू दे, पाय बसला की नवी टाका.

कागदांत आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. ई-चलन थकलंय का ते ऑनलाइन दिसतं. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांची टेस्ट झालेली हवी. "फॉर्म २९, ३० वर सह्या करून देतो, नावावर सावकाश करा," असं कुणी म्हटलं (हे गाडी नावावर करायचे फॉर्म), तर सावकाश करू नका. इन्शुरन्सही चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला टाका, नाहीतर गाडी ठोकली तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट) त्याच्याबरोबर जातो, तो तुम्हाला मिळत नाही. बेळगाव पासिंगची गाडी इथे स्वस्त दिसते, पण तिकडची एनओसी, इथला टॅक्स आणि नवा नंबर धरून हिशोब करा. बहुतेक वेळा फरक उरत नाही.

भाव करताना नव्या गाडीची आजची किंमत आधी बघून जा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बरेच विकणारे अजून त्यांनी स्वतः गाडी घेतली त्या जुन्या किमतीवरूनच मोजतात.

आणि ऑटोमॅटिक? लायसन्स गिअरवर काढलंय आणि रोज शहरातच फिरायचं आहे, तर एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअरचं काम गाडी स्वतः करते ती साधी ऑटोमॅटिक, जरूर बघा. फक्त चढावर ब्रेक सोडल्यावर ती किती मागे येते ते आधी पाहून घ्या, सुरुवातीच्या बऱ्याच एएमटींना हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, नव्हतं.

हातात तीन लाख असतील तर अडीचची गाडी बघा. उरलेले इन्शुरन्स, बॅटरी, टायर आणि ऑइलला लागतात. ओरखड्यांसाठी यातलं काही ठेवू नका. पहिल्या वर्षी ते पडणारच, प्रत्येकासाठी टिंकरिंगवाल्याकडे पळू नका. साठू द्या, नंतर दोन-तीन पॅनल एकदम दिले की तो भावही बरा करतो. क्लेम तर त्यासाठी नकोच. वर्षभर क्लेम नसेल तर पुढच्या प्रीमियममधल्या ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) भागावर वीस टक्के सूट मिळते, ती एका बंपरपायी जाते.