मकरपुऱ्यातली आमची वाटचाल

१९९८ साली वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या अर्ध्या शेडमध्ये आम्ही गाड्यांच्या एसीचा गॅस वाहून नेणारे रबरी होज पाइप बनवायला बसलो. आम्ही म्हणजे मी आणि दांडिया बाजारातला माझा बालमित्र. भांडवल त्याच्या आईच्या पाटल्यांचं, हात माझे. पाइपच्या टोकावर फेरूल, म्हणजे धातूचं कडं, दाबून बसवणारं पहिलं क्रिम्पिंग मशीन हातपंपाचं, आठ तुकड्यांच्या डायचं, म्हणजे दाबायच्या साच्याचं. ते आजही चालतं.

गाड्यांचे एसी तेव्हा आर-१२ या जुन्या गॅसवरून १३४ए या नव्या गॅसवर जात होते. नवा गॅस साध्या रबरातून झिरपतो, म्हणून आत नायलॉनचा थर असलेला बॅरियर होजच लागतो. बाजारात मात्र हायड्रॉलिकचा पाइप लावून, वर क्लिप आवळून गाड्या सोडत होते. आम्ही पहिल्या दिवसापासून बॅरियरच वापरला. क्लिप एकदाही लावली नाही.

पंधरा वर्षं काम नीट चाललं. मग २०१३ चा मे आला.

नेहमीचा होज मिळेना, म्हणून दुसऱ्या कंपनीचा रोल आणला. आतलं माप तेच, बाहेरचा व्यास जेमतेम अर्धा मिलिमीटर कमी. मी डाय तीच ठेवली. चूक माझी. तयार पाइप नायट्रोजन भरून पाण्यात बुडवला तर एक बुडबुडा नाही. पण गाडीत इंजिन हलतं, त्याच्यासोबत कॉम्प्रेसर हलतो, आणि भर उन्हात उभ्या गाडीचं डिस्चार्ज प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून सुटणाऱ्या गॅसचा दाब, २५० पीएसआयच्या (चौरस इंचाला पाउंड) वर जातं. रबर तापून दबतं, फेरूलची पकड ढिली होते, कडेला तेलाचा ओला डाग दिसू लागतो. तीन आठवड्यांत ४१ पाइप परत आले.

दोन शेड पलीकडचा एक जण तेव्हा ‘यांचे पाइप सुटतात’ असं गॅरेजोगॅरेजी सांगत फिरला. त्याचे क्लिपवाले पाइप वर्षानुवर्षं आम्हीच बदलून दिलेले! आमची दोन मोठी गॅरेजेस त्याने नेली. त्याच्याकडे मशीनवर बसलेला मिस्त्रीसुद्धा आमच्याच हाताखाली शिकलेला. हे मी विसरलेलो नाही. त्याच महिन्यात मित्राने भागीदारी सोडली. त्याच्या घरी मुलीचं लग्न होतं; त्याच्यावर राग नाही.

प्रतापनगरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्या शेठच्याही तीन गाड्या गरम हवा फेकत परत आल्या. मी बोलणी खायच्या तयारीने बाहेर गेलो. ते म्हणाले, “भाऊ, पाइप चिरून दाखवा. चूक कुठे झाली ते मलाही बघू द्या.” फेरूल उभं चिरलं. आत होजवर दाबाच्या खुणा एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला नुसत्या उमटलेल्या. शेठनी चहा मागवला आणि तिन्ही पाइप पुन्हा बनवून होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. पैसे दोन्ही वेळचे दिले.

त्या संध्याकाळी वही घातली. प्रत्येक रोलचा बाहेरचा व्यास, कोणती डाय, आणि दाबल्यानंतर फेरूलचा व्यास, व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारी सरकपट्टी, तीन ठिकाणी लावून.

या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, होज ब्लेडने कापा, करवतीने नको. रबराची भुकटी एसीच्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्रात, जाऊन बसते. दाबण्याआधी दोन्ही टोकांच्या कोनाची खूण करा, नंतर पाइप पिळून बसवाल तर इंजिनच्या हादऱ्याने तोच आधी जाईल. सांध्यातल्या रबरी ओ-रिंगला तेल लावा. नट आवळताना दुसरा पाना मागे धराच, नाहीतर ॲल्युमिनियमची नळी पिळवटते. आणि पाइपच्या तोंडावरची टोपणं शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. एसीतलं पीएजी तेल हवेतली ओल पितं.

शेठ आता नाहीत. त्यांचा मुलगा केवडियाला पर्यटकांच्या गाड्या पाठवतो. शेडमध्ये आला की आधी वही मागतो, मग व्हर्नियर स्वतः लावून बघतो.