ठेचा, मेस आणि बोअरचे पाणी

माझ्या भाच्याला क्रोन्स, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ दाह होत राहण्याचा आजार, असल्याचे निदान झाले, त्या आठवड्यात आमच्या घरी आजारापेक्षा आरोपीचीच चर्चा अधिक झाली. ताईच्या मते दोष लातूरच्या मेसचा होता, कारण नीटच्या तयारीसाठी दोन वर्षे तो तिथेच जेवत होता. दाजींच्या मते दोष गावाकडच्या बोअरच्या पाण्याचा होता. आणि आईने नेहमीच्या खात्रीने भाकरीबरोबर रोज ठेचा खाण्याच्या सवयीवर बोट ठेवले. ‘लातूर पॅटर्न’च्या ताणाचे नाव तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही घेतले. मला यातले काहीच पटत नव्हते, पण खरे कारण मलाही सांगता येत नव्हते, म्हणून तेव्हापासून मी जमेल तसे वाचत आणि छत्रपती संभाजीनगरच्या पोटविकारतज्ज्ञांना विचारत आलो आहे.

निदान होण्याआधीची सात-आठ महिने चाललेली फरफट आधी सांगायला हवी. उजव्या बाजूला खालच्या पोटात कळ, दिवसातून चार-पाच वेळा जुलाब, संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरत चाललेले वजन, एवढे ऐकल्यावर आपल्याकडचा कोणताही डॉक्टर आधी पोटाच्या टीबीचा विचार करतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही. टीबी आणि क्रोन्स या दोघांचीही आवडती जागा एकच आहे, ती म्हणजे लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते तो भाग. दुर्बिणीतून दिसणारे व्रण सारखे भासतात, आणि बायोप्सीत दोन्हींमध्ये पेशींच्या गाठी दिसू शकतात. टीबीच्या गाठी मधोमध दह्यासारख्या विरघळलेल्या असतात आणि क्रोन्सच्या नसतात, हा फरक पुस्तकात स्पष्ट असला तरी चिमूटभर तुकड्यात तो सापडेलच असे नाही. म्हणून आपल्या देशात अनेकदा आधी टीबीची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकतात. भाच्याच्या बाबतीत तेच झाले. ताप थोडा उतरला, आम्हाला हायसे वाटले, पण व्रण जसेच्या तसे राहिले. उलट चूक अधिक घातक ठरली असती, कारण टीबी असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले तर टीबी उसळतो.

खरी खूण मात्र आमच्या डोळ्यांसमोरच होती. वर्षभरापूर्वी त्याच्या गुदद्वाराजवळ गळू होऊन ते कापावे लागले होते, आणि ती जखम बरी होऊन पुन्हा पुन्हा वाहत होती. आम्ही ते करट, मग भगंदर म्हणून सोडून दिले. तोंडही वारंवार येत असे. त्याला अर्थातच ‘उष्णता’ हे कारण ठरलेले होते. हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधला भाग निरोगी ठेवून पुढे पुन्हा उमटतो, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहाच्या आजारासारखा केवळ आतल्या अस्तरावर न थांबता आतड्याच्या भिंतीत आरपार उतरतो, हे आम्हाला ठाऊक असते तर हे सुटे धागे एकत्र बांधता आले असते.

आता कारणाकडे वळतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १९३२ साली या आजाराचे वर्णन केले आणि तेव्हापासून नाव क्रोन यांचे लागले. पण त्यापूर्वीच, १९१३ साली, डॅल्झिएल या स्कॉटिश शल्यविशारदाने असेच रुग्ण नोंदवून हा आजार गुरांच्या जोन्स रोगासारखा दिसतो असे लिहिले होते. माझा चुलतभाऊ परभणीला शिकलेला पशुवैद्य आहे, त्यामुळे या मुद्द्यावर आमच्या घरात क्रिकेटपेक्षा जास्त वाद झाले. जोन्स रोगात जनावर खाते पण खंगत जाते, जुलाब थांबत नाहीत, आणि त्याचा जंतू टीबीच्या जंतूचा भाऊबंद आहे. काही क्रोन्सच्या रुग्णांच्या आतड्यातही तो जंतू सापडतो. मात्र त्याच्यावर चालणारी प्रतिजैविके दोन वर्षे देऊन ऑस्ट्रेलियात जी मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली आले आणि सुरुवातीचा फायदा पुढे टिकला नाही असे दिसले. भाऊ अजून हार मानत नाही. माझ्या मते हा जंतू मुख्य आरोपी नाही.

आनुवंशिकतेचा वाटा निश्चित आहे. २००१ साली नॉड-२ हे जनुक सापडले, जे आतड्यातील जंतूंची चाहूल प्रतिकारशक्तीला देते. त्यानंतर जनुकसंचातील अशा दोनशेहून अधिक जागा सापडल्या आहेत. परंतु युरोपात महत्त्वाचे ठरलेले नॉड-२ मधील बदल भारतीय रुग्णांत क्वचितच आढळतात. शिवाय अगदी एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला क्रोन्स झाला तरी बहुतेक वेळा दुसऱ्याला तो होत नाही. म्हणजे बी घरातले असले तरी ते उगवायला पाऊसपाणी बाहेरचे लागते. दक्षिण आशियातून ब्रिटनमध्ये गेलेल्या कुटुंबांच्या तिथेच जन्मलेल्या पिढीत आतड्याच्या दाहाचे आजार आधीच्या पिढीपेक्षा वाढलेले दिसतात, आणि एका पिढीत जनुके बदलत नाहीत.

मला सर्वांत बोलके वाटले ते शस्त्रक्रियेतून मिळालेले ज्ञान. आतड्याचा रोगट भाग कापून टाके घातले की आजार बहुधा त्या जोडाच्या अगदी वरच्या बाजूला परततो. पण मलप्रवाह वरच्या वर बाहेर वळवला तर पुढच्या भागातला दाह शमतो, आणि प्रवाह पुन्हा सुरू केला की तो परततो. प्रतिकारशक्ती ज्याच्यावर चवताळून उठते ते आतड्यातून वाहणाऱ्या मालातच आहे, मग ते तिथले नेहमीचे जंतू असोत वा अन्नातले काही. लहान मुलांना सहा ते आठ आठवडे केवळ विशिष्ट द्रव आहारावर ठेवले तर अनेकांचा दाह ओसरतो, हेही त्याच दिशेने जाते. बालपणी प्रतिजैविकांचा अतिवापर आणि कारखान्यात प्रक्रिया केलेले अन्न यांचाही या आजाराशी संबंध आढळला आहे. धूम्रपानाने क्रोन्सचा धोका वाढतो आणि झालेला आजार चिघळतो, याबद्दल तर फारसे दुमत नाही.

यात ठेचा कुठेच नाही. आजार जागा असताना तिखटाने पोट दुखते, म्हणून तिखट टाळायचे, एवढाच त्याचा संबंध. ताणाचेही तसेच, तो असलेल्या आजाराला भडकवू शकतो, पण केवळ तासाला बसून कोणाचे आतडे सडत नाही. ताईला हे पटायला वर्ष लागले. तिच्या मनात खरा प्रश्न मेसचा नव्हताच, आपण मुलाला इतक्या लवकर घराबाहेर पाठवले हा होता.

आजाराची चालही आता ओळखीची झाली आहे. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो, काही महिने पेटतो आणि काही महिने निजतो. जागा सहसा बदलत नाही, स्वभाव मात्र वर्षांगणिक बदलतो, म्हणजे आधी नुसता दाह असतो, पुढे काहींचे आतडे आकसून अरुंद होते आणि काहींना शेजारच्या अवयवापर्यंत भोके पडतात. बरे वाटत असतानाही आत दाह धुमसत असू शकतो, म्हणून शौचाच्या नमुन्यातील कॅलप्रोटेक्टिन हे दाहाची खूण देणारे प्रथिन तपासावे लागते. ब-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषले जात असल्याने त्याची इंजेक्शने सुरू आहेत.

भाचा एक वही ठेवतो. वजन, जुलाबाच्या वेळा, खाल्लेले पदार्थ, घेतलेल्या गोळ्या, सारे तारखेनिशी. गेल्या खेपेला डॉक्टरांनी रिपोर्टच्या आधी ती वही मागितली. आजार दोनदा उसळला होता आणि दोन्ही वेळी आधीच्या आठवड्यात गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची नोंद होती. गुडघे दुखणे हेही याच आजाराचे अंग असू शकते, आणि त्यावरच्या तशा गोळ्या आतड्याला त्रासदायक ठरतात, असे त्यांनी समजावून सांगितले. त्या गोळ्यांचे नाव वहीच्या पहिल्या पानावर आता लाल शाईने लिहिलेले आहे.