कुर्लीला शॉक कशाला?

कुर्ली म्हणजे खेकडा; तो कसा शिकतो हे बघायला झटके लागत नाहीत. प्राणी कसे शिकतात हा मानसशास्त्राचा धडा कुत्रा, उंदीर आणि कबुतराच्या जिवावर उभा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरची कबुतरं चोच मारत ती भुकेपोटी. त्यांचं वजन आधी पोटभर खातानाच्या वजनाच्या ८० टक्क्यांवर आणलेलं असे. १९६७ साली सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले आणि 'हतबलता शिकली जाते' असं मांडलं. २०१६ मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की गोष्ट उलटी होती: हतबलता मुळातच असते, शिकावं लागतं ते नियंत्रण. कुत्र्यांचे झटके खाऊन झाले होते.

उंदरावर प्रयोग करायचा तर आज संस्थेची प्राणी-नैतिकता समिती कागद मागते. कोकणातल्या किनाऱ्यावर प्रोजेक्टसाठी हाताशी असतो तो खेकडा, आणि त्याचे कागद सहसा कोणी मागत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मात्र 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. कॉलेजात पुस्तक, मॉडेल किंवा फिल्मने भागत असेल तर प्रयोग टाळा, हेही तोच कायदा सांगतो. नुसतं प्रॅक्टिकलचं जर्नल भरायचं असेल तर खडपावर, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर, जाऊच नका.

शॉकचा प्रश्न मिटलेला आहे. २०१३ मध्ये बेलफास्टच्या मॅगी आणि एलवुड या संशोधकांनी खेकड्यांना लपायला दोन अंधाऱ्या जागा दिल्या आणि एकीत झटका ठेवला. थोड्याच फेऱ्यांत खेकडे ती जागा सोडू लागले. हे पुन्हा सिद्ध करून काय मिळवायचं? खाऊ ठेवूनही शिकणं दिसतं. २०१९ मध्ये वेल्समधल्या स्वान्झी विद्यापीठाच्या गटाने १२ खेकड्यांना आठवड्यातून एकदा, असे चार आठवडे चक्रव्यूहात सोडलं. पाच वळणं, तीन बंद वाटा, शेवटी खाणं. दोन आठवड्यांनी खाणं न ठेवताही त्यांना वाट आठवत होती.

ते 'खाणं न ठेवता' फार महत्त्वाचं. कोळंबीचा तुकडा टोकाला असेल तर खेकडा वासावर जातो आणि आपण त्याला हुशार म्हणतो. तसंच आधीच्या खेकड्याचा वास: प्रत्येक फेरीनंतर पाणी बदला, भिंती पुसा. कधीच न शिकवलेले काही खेकडे तुलनेला हवेतच, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती भरती. खेकड्याच्या अंगात भरती-ओहोटीचं घड्याळ असतं, त्याची हालचाल त्यावर ठरते, आणि ते टाकीतही काही दिवस चालू राहतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते; रोज सकाळी दहालाच फेरी घेतली तर चार दिवसांत जो 'शिकला' तो फक्त जागा झालेला असतो. फेऱ्या घड्याळाने नव्हे, भरतीच्या तक्त्याने लावा.

टाकीत एकालाच ठेवा. दोघे भांडतात आणि नांगी जाते. पायाला धरून उचललं तर तो पाय टाकून देतो, म्हणून पाठीमागून, कवचाच्या दोन्ही बाजूंनी धरा. पाणी आटलं की मीठ राहतं, तेव्हा वरून क्लोरीन उडालेलं गोडं पाणी घाला. पावसाळ्यात खाडीचं पाणी आणू नका, ते भलतंच गोडसर झालेलं असतं. तांब्याची तार किंवा भांडं जवळही नको, खेकड्याला ते विष आहे. उरलेला तुकडा तासाभरात काढला नाही तर अमोनिया वाढतो.

भूक लावायला एक-दोन दिवसांचा उपास पुरे. मग कोणी खातच नाही असं झालं तर बहुधा तो कात टाकायच्या बेतात असतो. 'शिकत नाही' अशी नोंद करू नका, त्याला गाळा. आमच्याकडे कुर्ली पोकळ की भरलेली हे बाजारात दाबून बघतात. प्रयोगवाल्यानेही कवच मऊ पडलंय का ते बघावं, पण हलक्या हाताने.

किती खेकडे आणि किती फेऱ्या, हे पकडायच्या आधी कागदावर लिहा. निकाल 'येईपर्यंत' आणखी चार आणायचे, हे संख्याशास्त्रातही चूक आणि खेकड्याच्या बाबतीतही. संपल्यावर जिथून आणले तिथेच, त्याच खडपावर, सुकतीला (ओहोटीला), दगडाखाली सोडा; पण ज्या टाकीत दुसऱ्या गावचे किंवा बाजारातून आणलेले खेकडे होते, तिथला एकही परत समुद्रात नको, रोग जातो.