टिटुबाच्या नऊ खुणा, मॅकार्थीचे २०५

इंदूरहून झाबुआ जेमतेम दीडशे किलोमीटर. तिकडे 'डाकण' म्हणजे चेटकीण हा शब्द अजून जिवंत आहे, त्यामुळे कुठल्याही राजकीय चौकशीला सरसकट 'विच हंट', म्हणजे चेटकिणींची शिकार, म्हटलेलं वाचलं की इथल्या माणसाला खटकतं. नेमकं सारखं काय असतं? बरेच जण 'उन्माद' म्हणून मोकळे होतात. उन्माद असतोच. पण चेटकिणींचे खटले चालले ते १६९२ चं अमेरिकेतलं सेलम आणि कम्युनिस्टांचा शोध चालला ते १९५० च्या आसपासचं वॉशिंग्टन शेजारी ठेवलं, तर जुळते ती कामकाजाची पद्धत. झाबुआकडे बडवा, म्हणजे गावचा भगत, सहसा एकीचं नाव घेतो आणि सगळं तिच्यावरच येऊन कोसळतं. सेलमला मात्र साखळी लागली.

टिटुबा ही पाद्र्याच्या घरची गुलाम बाई. मार्च १६९२ मध्ये तिनं कबुली दिली आणि सैतानाच्या वहीत नऊ खुणा पाहिल्याचं सांगितलं. त्यातल्या दोन, तिच्यासोबतच आरोप झालेल्या सेरा गुड आणि सेरा ऑसबर्न यांच्या. मग उरलेल्या सात कुणाच्या? प्रकरण फुगायला ही वजाबाकी पुरली. दीडशेच्या वर माणसं आरोपात अडकली, १९ जण फासावर गेले आणि आरोपाला उत्तरच न देणाऱ्या म्हाताऱ्या जाइल्स कोरीला अंगावर दगड रचून मारलं.

९ फेब्रुवारी १९५० ला वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगला सिनेटर जोसेफ मॅकार्थीनं परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी हातात असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या पेपरात आकडा आला २०५. दोन-तीन दिवसांत तो ५७ झाला आणि २० तारखेला सिनेटमध्ये ८१. हा २०५ आकडासुद्धा वजाबाकीचाच होता. परराष्ट्र खात्याच्या १९४६ च्या एका पत्रात, छाननीत नापसंत ठरलेल्यांतून काढून टाकलेले वजा केले की उरतात तेवढे. नापसंतीची कारणं अनेक तऱ्हेची होती, पण ते पत्र कोण काढून बघतो! आकडा सांगायचा आणि नावं रिकामी ठेवायची. त्या रिकाम्या जागा लोक आपणहून भरतात.

आता पुरावा. सेलमला तक्रारदार मुलगी सांगायची, अमकीच्या छायेनं मला चिमटे काढले. अमकी त्या वेळी घरी भाकरी भाजत होती, हे सिद्ध करून काय उपयोग? छाया वेगळी, बाई वेगळी. राष्ट्राध्यक्ष ट्रूमननं मार्च १९४७ मध्ये सरकारी नोकरांची निष्ठा तपासायचा आदेश काढला, त्यातही अशा छाया होत्या. डोरोथी बेली या कर्मचारी बाईंवर ठपका आला तो निनावी खबऱ्यांच्या सांगण्यावरून. खबरे कोण, ते निष्ठा तपासणाऱ्या मंडळालाही ठाऊक नव्हतं. उलटतपासणी घ्यायची कुणाची? १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं ४-४ अशी पडली, म्हणून खालचा निकाल कायम राहिला आणि नोकरी गेली ती गेलीच.

साखळी लागते ती कबुलीमुळे. सेलमला कबुली देऊन तीवर टिकून राहिलेल्या कुणालाही फाशी झाली नाही. कबुली मागे घेणाऱ्या सॅम्युएल वॉर्डवेलला झाली. आणि कबुलीनंतरचा प्रश्न ठरलेला: सोबत आणखी कोण होतं?

अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कम्युनिस्ट शोधणाऱ्या समितीपुढेही हाच क्रम. १९४७ मध्ये हॉलिवूडच्या दहा जणांनी भाषणस्वातंत्र्याचा आधार घेऊन 'कम्युनिस्ट आहात का' याचं उत्तर टाळलं आणि अवमानाखाली तुरुंगात गेले. म्हणून पुढचे साक्षीदार अमेरिकी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीकडे वळले; स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, असं ती सांगते. आपल्या घटनेतल्या अशाच कलम २०(३) चं संरक्षण 'आरोपी'ला आहे, त्यांचं साक्षीदारालाही मिळतं. पण तिथं एक खोच होती. डेन्व्हरच्या ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का, ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) जेन रॉजर्स यांनी आपण कम्युनिस्ट पक्षाच्या खजिनदार होतो हे सांगून टाकलं. वह्या कुणाकडे दिल्या, ते मात्र सांगेनात. १९५१ च्या निकालानं ठरलं की स्वतःबद्दल बोललात तर पुढचं झाकायचा हक्क गेला. म्हणजे 'माझं विचारा, दुसऱ्याचं नको' ही वाटच बंद. पहिल्या प्रश्नापासून गप्प बसलात तर लोक गुन्हेगार धरणार, नोकरी जाणार. बोललात तर मित्रांची नावं द्यावी लागणार. गंमत म्हणजे पुष्कळ नावं समितीकडे आधीच असायची. तरी ती साक्षीदाराच्या तोंडून हवी असत.

तुलना एका जागी मोडते, आणि ती दडपणं लबाडी होईल. चेटूक नव्हतंच, सोव्हिएत हेर खरे होते. शास्त्रज्ञ क्लाउस फुक्सनं सोव्हिएतांना अणुबाँबची माहिती दिली, ज्युलियस रोझेनबर्गही हेरगिरीत होता. पण फुक्सचा माग लागला तो सोव्हिएत तारांचं संकेतलेखन उलगडणाऱ्यांच्या चिकाटीमुळे. ते काम गुप्त होतं, १९९५ मध्ये खुलं झालं. कॅमेऱ्यासमोरच्या आरडाओरडीचा त्यात काही वाटा नव्हता.

मॅकार्थीला सिनेटनं २ डिसेंबर १९५४ ला ६७ विरुद्ध २२ मतांनी ठपका दिला. सेलमचं खास न्यायालय ऑक्टोबर १६९२ मध्येच गुंडाळलं होतं. नव्या न्यायालयानं छायेचा पुरावा बाजूला ठेवल्यावर बहुतेक सगळे सुटले. सुटले, पण तुरुंगातल्या जेवणाखाण्याचे पैसे भरल्यावरच. टिटुबाचे पैसे मालकानं भरले नाहीत. ती तेरा महिने आत राहिली आणि ज्यानं भरले, त्याच्या मालकीची झाली.