मागच्या पानावरची चिठ्ठी

"ही रद्दीत चाललीयेत, हवी तर ने," म्हणत वाचनालयातल्या काकांनी आज बाबूराव अर्नाळकरांच्या पाच-सहा रहस्यकथा पुढे सरकवल्या. वर म्हणाले, "साहित्य थोडंच आहे ते!"

एक उघडली. मागे तारखांची चिठ्ठी. शिक्क्यांनी भरलेली, म्हणून तिच्यावर दुसरी डकवलेली. तीही भरलेली.

फार वाईट वाटलं.

अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. योगायोग जरा जास्तच असतात त्यांत, मान्य. पण वाचकाला पुढचं पान उलटायला लावणं सोपं आहे का? माझी आजी चौथी शिकलेली. दुपारी भांडी आवरली की त्यांच्या झुंजार नाहीतर काळापहाड या नायकांची गोष्ट घेऊन बसायची. मला वाचनाची गोडी तिथूनच लागली.

सगळी घरी आणलीत.

तुमच्या घरात रहस्यकथा कोण वाचायचं?