जागलीची झोप आणि पहाटेची सपनं

हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून मचाणावर जागल करणारा, नाहीतर रात्रपाळीची थ्री फेज वीज आली की ओलितासाठी मोटार चालू करायला उठणारा माणूस सकाळी हमखास म्हणतो, "लय इचित्र सपनं पडून राह्यले बाप्पा." मग कोणी बाहेरचं लागलं म्हणतं, कोणी उतारा सुचवतं. खरं कारण बहुतेक वेळा झोपेच्या तुकड्यांत असतं.

झोपेचा एक फेरा साधारण ९० मिनिटांचा. रात्रभरात असे चार-पाच होतात. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात. पाळण्यातल्या लेकराच्या पापण्या नीट बघा, ही हालचाल स्पष्ट दिसते. शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये ही अवस्था नोंदवली. तिला आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणजे डोळे भराभर फिरण्याची) झोप म्हणतात आणि ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं मुख्यतः हिच्यातच पडतात. पहिल्या फेऱ्यात ती जेमतेम दहा मिनिटं असते, पहाटेच्या फेऱ्यात अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे मध्यरात्रीनंतर उठून वावरात गेलेल्या माणसाची नेमकी स्वप्नांची झोपच बुडते.

बुडालेली ही झोप शरीर वसूल करतं. झोपेचे संशोधक विल्यम डिमेंट यांनी १९६० मध्ये झोपलेल्या लोकांना आरईएम सुरू होताच उठवून पाहिलं. पुढच्या रात्री मोकळं झोपू दिल्यावर त्यांची आरईएम झोप नेहमीपेक्षा वाढली. चार रात्री जागलीत काढून पाचव्या रात्री घरी बाजेवर पडलेल्या माणसाला स्वप्नांचा पूर येतो, तो यामुळे.

या अवस्थेत मेंदूत पेशींचे निरोप नेणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलीन वाढतं. नॉरअ‍ॅड्रिनलीन आणि सेरोटोनिन ही दुसरी रसायनं जवळपास थांबतात. भीती हाताळणारा अमिग्डला जोरात असतो, तर्क करणारा कपाळामागचा भाग मंदावतो. म्हणून मेलेला बैल दारात उभा दिसला तरी स्वप्नात नवल वाटत नाही. हॉब्सन आणि मॅकार्ली या संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलं की मेंदूच्या देठातून उठणाऱ्या लहरींना वरचा मेंदू जमेल तशी गोष्ट जोडतो. मनोविश्लेषक फ्रॉइड स्वप्नाला दडपलेली इच्छा म्हणत होता. ते सगळ्या स्वप्नांना लागू पडतं असं मला वाटत नाही. फिनलंडचे संशोधक रेव्होन्सुओ म्हणतात की स्वप्न ही धोक्याची रंगीत तालीम आहे. डुक्कर अंगावर येण्याच्या स्वप्नाला हे जास्त जुळतं. चरकसंहितेने तर स्वप्नाचे सात प्रकार सांगितले, त्यांत पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मागितलेलं आणि कल्पिलेलं असे पाच आहेत. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण या पाचांत जवळपास सगळी बसते.

छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, ओरडता येत नाही, ते वेगळं. आरईएममध्ये मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर माणूस स्वप्नातच धावत सुटला असता. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागून सुटतात. श्वासाचा पडदा चालू असतो, पण फासळ्यांमधले स्नायू ढिले असतात, म्हणून छाती दाबल्यासारखी वाटते. काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटांत हे आपोआप सुटतं. घाबरून झटापट करू नका. श्वास सावकाश ठेवून पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपा. झोप अपुरी असली की पुन्हा पुन्हा होतं.

फवारणीच्या दिवसांतल्या भयानक स्वप्नांकडे मात्र वेगळ्या नजरेने बघायला हवं. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशक औषधं अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम अडवतात. तेच अ‍ॅसिटिलकोलीन मेंदूत साचतं, झोप उडते, वाईट स्वप्नं पडतात. सोबत लाळ, घाम, डोळ्यांना पाणी, डोळ्याची बारीक झालेली बाहुली, स्नायूंची फडफड किंवा छाती आवळणं यातलं काही असेल तर सकाळची वाट पाहू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. अशा वेळी उताऱ्यात घालवलेला तास महागात पडतो.

रात्रपाळीच्या आठवड्यात झोपेचे तुकडे टाळा. जागलीच्या पाळ्या भावाभावांत अशा वाटा की एकाने अर्धी रात्र सलग झोपावं. मोटारीवरून पहाटे आलात तर दुपारपर्यंत न थांबता लगेच पडा, कारण शरीराच्या घड्याळाप्रमाणे आरईएम पहाटे ते सकाळीच जास्त येते. डोळ्यांवर दुपट्टा घ्या. झोप यावी म्हणून दारू नको: ती रात्रीच्या पूर्वार्धात आरईएम दाबते आणि उतरल्यावर उत्तरार्धात स्वप्नं उसळतात.

एकच वाईट स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर दिवसा जागेपणी त्याचा शेवट बदला. डुक्कर अंगावर येतं, तिथे तुम्ही टॉर्च मारला आणि ते बांधापलीकडे पळालं, असा. रोज दहा-पंधरा मिनिटं तेच डोळ्यांसमोर आणायचं, काही आठवडे. आणि कोणी झोपेत खरोखर लाथा-बुक्क्या मारत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे स्नायू सैल सोडणारी यंत्रणाच बिघडलेली असू शकते आणि काहींमध्ये ती पुढे येणाऱ्या पार्किन्सनची (कंपवाताची) आधीची खूण ठरते. तोवर बाजेजवळचा विळा, कुऱ्हाड दुसऱ्या खोलीत ठेवा.