जैसलमेर, सम आणि ‘उंट सफारी इन्क्लूडेड’

आधी निकाल सांगते, मग हकीकत. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत एक रात्र काढायला काहीच हरकत नाही. पण पॅकेजातल्या उंटावर विसंबू नका, जीप तर फुकट दिली तरी नको म्हणा, डीजे सुरू व्हायच्या आत जेवून घ्या आणि सकाळी गजर लावून टेकड्यांवर पायी जा. एवढं केलंत तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. जानेवारीचा पहिला आठवडा. जोधपूरचे दोन दिवस मस्त गेले, जैसलमेरचा किल्ला, हवेल्या, गडीसर तलाव सगळं छान. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितेय ते फक्त समबद्दल, कारण तिथे आमचा मामा झाला.

सम जैसलमेरच्या पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटर. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना पवनचक्क्या. वाटेत थोडं आत वळलं की कुलधरा, पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं गाव. भुताखेतांच्या गोष्टी ऐकवणारे बरेच भेटतात, त्यांच्याकडे लक्ष न देता घरांच्या पिवळ्या दगडी भिंती बघा. अर्धा तास पुरतो.

कॅम्प आम्ही फोनवर ठरवला होता. माणशी २,२०० रुपये, लेकीचेही पूर्ण, म्हणजे ८,८००. त्यात तंबू, संध्याकाळचा चहा-भजी, उंट सफारी, लोकनृत्य, जेवण, नाश्ता. फोटोत तंबूच्या मागे वाळूच्या लाटा. आम्ही पोचलो तेव्हा तंबूच्या मागे दुसरा कॅम्प होता आणि त्याच्या मागे तिसरा. समोर डांबरी रस्ता आणि पलीकडे आणखी कॅम्पांची रांग. वाळू कुठे आहे विचारलं तर मॅनेजर हसून म्हणाला, “मॅडम, बहुत दूर है, इसीलिए तो ऊंट है.”

हे ‘बहुत दूर’ लक्षात ठेवा.

स्वागत जोरदार झालं. फाटकात ढोल, कपाळाला टिळा, ‘खम्मा घणी’. तंबूही चांगला निघाला, आत पलंग, मागे पक्क्या भिंतीची न्हाणी. पाच वाजता दोन उंट आले. नवरा-लेक एकावर, मी आणि सासूबाई दुसऱ्यावर.

उंटावर बसताना एकच गोष्ट सांभाळा, ती मला कुणी सांगितली नव्हती. उठताना उंट आधी मागचे पाय उचलतो आणि बसताना आधी पुढचे मुडपतो. म्हणजे दोन्ही वेळा तुम्ही तोंडावर पुढे जाता. दोन्ही वेळा मागे रेला आणि खोगिराची खुंटी घट्ट धरा. मी उठताना धरली, बसताना विसरले, आणि हनुवटी सासूबाईंच्या पाठीवर आपटली. त्या म्हणाल्या, “अगं, मी पडले असते तर?” मी गप्प. कंबरदुखी असलेल्यांनी या भानगडीत पडूच नये.

उंट फाटकातून निघाला तो रस्त्याच्या कडेकडेने. पाच-सहा कॅम्पांच्या मागून, त्यांच्या जनरेटर आणि उकिरड्यांना वळसा घालून, वीसेक मिनिटांनी एका खेजडीच्या झाडाखाली थांबला. समोर जेमतेम वाळू सुरू होत होती. उंटवाला म्हणाला, “साब, पैकेज यहीं तक.”

आणि पुढे?

पुढे ‘पॉइंट’. एका उंटाचे ४०० जादा. सूर्य समोर लालसर व्हायला लागलेला, लेक उंटावर आनंदाने किंचाळतेय, सासूबाई वर बसलेल्या. अशा वेळी कोण घासाघीस करणार? धंद्याची सगळी मेख इथेच आहे. तुमच्याकडून पैसे काढतो तो मावळता सूर्य. जानेवारीत तो सहाच्या सुमारास बुडतो आणि तुम्हाला सवापाच-साडेपाचला त्या झाडाखाली आणून उभं करतात. आम्ही ८०० दिले.

पॉइंट म्हणजे जत्रा. मॅगीच्या टपऱ्या, चहावाले, भाड्याचे रंगीत फेटे, उंटगाड्या, हातात कॅमेरा घेऊन मागे लागणारी पोरं. एका पोराने लेकीचे पंधरा फोटो काढले आणि ३०० रुपये घेऊन मोबाईलमध्ये टाकून दिले. त्यातले चार बरे आहेत. हा खर्च मला खुपला नाही, त्याने निदान काम केलं.

खुपली ती जीप. “असली डेजर्ट तो आगे है, मैडम, सूरज डूब जाएगा.” पुन्हा तोच सूर्य. १,८०० रुपये, पाऊण तास, असं ठरलं. मागचं छप्पर काढलेली उघडी जीप, उभं राहून लोखंडी पाइप धरायचा. ड्रायव्हरने पहिल्याच उतारावर गाडी अशी सोडली की माझा चष्मा गेला (तो मिळाला, जीपच्याच तळाशी). दोन टेकड्या चढला, दोन उतरला, एका ठिकाणी आठ जीपा उभ्या होत्या तिथे ‘फोटो स्टॉप’ घेतला आणि परत. नवऱ्याने घड्याळ लावलं होतं. सतरा मिनिटं. पाऊण तासाचं काय झालं विचारलं तर म्हणे फोटोचा वेळ, वळणाचा वेळ. सीटबेल्ट नाही, लहान मूल सोबत, उतारावर समोरून दुसरी जीप कधी येईल याचा नेम नाही. मला ट्रेकची सवय आहे, घाबरणारी बाई मी नव्हे, तरीही सांगते: नको.

आणि सूर्यास्त? तो आम्ही धुरळ्यातून पाहिला. सासूबाई जीपमध्ये बसायला तयारच नव्हत्या. त्या वाळूवर पदर गुंडाळून दहा रुपयांचा चहा पीत बसल्या होत्या. “इतका मोठा दिसला गं,” म्हणाल्या.

अंधार पडताच थंडी उतरते. वाळू तापते लवकर तशी निवतेही लवकर, हवा कोरडी, वर ढग नाही. दुपारी आम्ही अर्ध्या बाह्यांत होतो, आठला कानटोपी चढली. स्वेटर तुम्ही आणालच, पण ते तंबूत ठेवून उंटावर जाऊ नका.

आता कार्यक्रम. मध्ये शेकोटी, भोवती गाद्या आणि लोड, एका बाजूला सतरंजीवर कलाकार. जागा सातच्या आधी धरा आणि वारा कुठून येतोय ते बघून बसा, नाहीतर धूर तुमच्याच तोंडावर.

सुरुवातीला चार मांगणियार बसले. हे मुसलमान गायक. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे राजपूत यजमान ठरलेले, त्यांच्याकडे जन्म असो की लग्न, गायला हेच. आपल्याकडे कुळाचा गोंधळी ठरलेला असतो, तसंच काहीसं. एक तरुण खडताल वाजवत होता. लाकडाच्या चार पट्ट्या, एका हातात दोन, मध्ये ना दोरी ना कडी. फक्त बोटांच्या पकडीवर त्या अशा कडाडत होत्या की लेक त्याच्या मनगटाकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली. त्याच्या शेजारी एक म्हातारे बाबा कमायचा घेऊन बसलेले. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, गजाने वाजवायचं. कातड्यावर एका जागी हात लागून लागून काळा चकचकीत डाग पडला होता. ते वाद्य सारंगीसारखं गोड नाही. घसा बसलेल्या माणसाने गावं तसं वाजतं, आणि पोटात जातं. सासूबाई सरकत सरकत सतरंजीच्या कडेला पोचल्या आणि मीरेचं भजन येतं का विचारलं. बाबांनी मान हलवली आणि गायले. माईक नव्हता, त्याची गरजही नव्हती. मी १,८०० रुपये विसरले, दहा मिनिटं.

मग काळबेलिया. काळे घेरदार घागरे, त्यावर आरशांचं आणि रंगीत पट्ट्यांचं काम, मागे पुंगी. हा गारुड्यांचा समाज. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप पकडण्यावर बंदी आली आणि हळूहळू नाच-गाणं हेच पोटापाण्याचं साधन झालं. २०१० साली युनेस्कोने काळबेलियांच्या नाच-गाण्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. समोर मात्र एक काका शंभराची नोट सतरंजीवर ठेवून शिट्टी मारत होते. नाचणारी मुलगी पाठीतून मागे वाकत गेली, डोकं जमिनीला टेकेपर्यंत, आणि नोट पापण्यांत धरून उचलली. वर आली तेव्हा हसत होती, पण कपाळाला वाळू चिकटलेली. टाळ्या पडल्या. काकांनी दुसरी नोट काढली. मला तिथे बसवेना.

पैसे द्यायचेच तर कार्यक्रम संपल्यावर, मुख्य गायकाच्या हातात द्या. आम्ही ५०० दिले. ते भांड्यात सगळ्यांसमोर टाकायला लावतात, टाकू नका.

त्यानंतर डोक्यावर सात मडकी घेऊन एक बाई पितळी ताटाच्या काठावर नाचली. हे भवाई. मान सुतभरही हलली नाही. आणि मग पावणेनऊला कलाकारांना उठवून स्पीकर लावले. डीजे. पंजाबी, मग भोजपुरी, मग कुणीतरी मराठीची फर्माईश केली आणि तीही लागली. खोटं कशाला सांगू, आम्हीही नाचलो. नवरा तर असा नाचला की आमच्या लग्नातही नाचला नव्हता. पण बाजूच्या तीन कॅम्पांचे तीन डीजे एकमेकांत मिसळत होते आणि हे सगळं डेझर्ट नॅशनल पार्कच्या उंबऱ्यावर. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्षी जवळपास दिसेनासा झाला. देशात जे थोडे उरलेत ते बहुतेक याच जिल्ह्यात, आणि त्यांना आम्ही नऊ वाजता हे ऐकवत होतो.

नाचण्याच्या नादात जेवण हुकतं, ही पुढची सूचना. आम्ही साडेनऊला गेलो तर बाट्या दगड झालेल्या, तूप संपलेलं, बाजरीची भाकरी गार. केर-सांगरी, म्हणजे केराची फळं आणि खेजडीच्या शेंगा यांची भाजी, जी खायला मुद्दाम एवढ्या लांब यावं, ती नव्हतीच. पनीर आणि नूडल्स होत्या. गट्ट्याची भाजी आणि लसणाची चटणी मात्र झकास, दोनदा घेतली. पोटभर केर-सांगरी खायची असेल तर जैसलमेर गावात खा, कॅम्पवर आशा ठेवू नका.

रात्री जादा रजई मागायला गेले तर द्यायला कुणी जागं नव्हतं. आल्या आल्या मागून ठेवा. चांदण्यांचं म्हणाल तर हॅलोजनचे दिवे मध्यरात्रीपर्यंत जळत होते, वर बघितलं तर पुण्यात दिसतात त्याहून पाच-पन्नास जास्त. दिवे गेल्यावर बाहेर या, मग कळेल.

सकाळी सहा-वीसला मी आणि लेक उठलो. इथे सूर्य उगवतोच साडेसातच्या आसपास, त्यामुळे फार लवकर उठायची गरज नाही. वाळू शोधायला म्हणून कॅम्पच्या मागच्या बाजूने निघालो. बाजूच्या दोन कॅम्पांमधली गल्ली, एक काटेरी कुंपण, आणि समोर टेकड्या. मी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं. कालचीच खेजडी उजव्या हाताला, कालचाच पॉइंट डावीकडे. उंटाने आम्हाला मुद्दाम वळसा घालून आणलं होतं. तिकीट कुणी विचारलं नाही, विचारायला कुणी नव्हतंच.

टेकडीच्या धारेवर एकही पाऊल नव्हतं. रात्रीच्या वाऱ्याने सगळं पुसून नव्या वळ्या पाडलेल्या, त्यावर भुंग्यांच्या बारीक शिवणीसारख्या रांगा. लेकीने बूट काढले आणि लगेच परत घातले, बर्फासारखी गार होती वाळू. खाली पॉइंटवर कालच्या बाटल्या, मॅगीचे कागद, लेंड्या. वर काही नाही. सूर्य आला तेव्हा आम्ही दोघीच.

तेव्हा कॅम्प ठरवताना मेसेजवर हे लिहून घ्या, फोनवरच्या शब्दाला किंमत नाही: उंट वाळूपर्यंत जाणार की वाळूत, किती वेळ, कॅम्पपासून टेकडी किती मिनिटं चालत, आणि डीजे किती वाजता. डीजे नको असेल तर खुरी गावाची चौकशी करा, जैसलमेरच्या नैर्ऋत्येला चाळीस-पन्नास किलोमीटर. आमच्या हॉटेलातलं एक जोडपं तिथे घरगुती जागेत राहून आलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासारखा वैताग नव्हता. संध्याकाळी स्वतःची गाडी असेल तर साडेचारलाच पायी टेकडीवर जाऊन बसा. उंटाचा फोटो हवाच असेल तर तिथेच दहा मिनिटांचा उंट मिळतो.

निघताना बिलात शेकोटीच्या लाकडांचे ५०० लावले होते. त्यावर मात्र मी भांडले. पाच मिनिटं, हिंदीत, मग मराठीत. काढले. तरी ८,८०० चे १२,२०० झालेच.

नाश्त्याला पोहे होते. शेंगदाणे नव्हते.